अठ्ठावीस वर्षं धक्क्यावर

(मे २०२५ मधील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माझी वाटचाल'. ती दोन मिनिटांत संपते. आपल्या शाळेतून दहावी, मग बारावी, इंजिनिअरिंगची पदवी, पुण्यात काही वर्षं नोकरी आणि त्यानंतर अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळ. दुसऱ्या कुणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेले प्रोग्रॅम बंद पडू द्यायचे नाहीत, हे माझं काम. ते बंद पडले नाहीत तर कुणी माझं नाव घेत नाही, पडले तर सगळे घेतात. एवढंच. त्यामुळे मी संयोजकांना विचारून विषय बदलून घेतला आहे. मी एका बोटीबद्दल बोलणार आहे. दुपारच्या सत्रात आपल्या जुन्या कौलारू सभागृहाची चर्चा आहे, तिच्याशी या बोटीचा संबंध आहे असं मला वाटतं. तो शेवटी सांगते.

आपण किनाऱ्यावरची माणसं. आपल्या आजी-आजोबांसाठी मुंबई म्हणजे आगबोट. आधी पडावात बसायचं, लाटांवर हेलकावे खात बोटीपर्यंत जायचं, शिडी धरून वर चढायचं, आणि मग रात्रभर डेकवर वळकटी पसरून. आपल्या वाट्याला ते आलं नाही, आपल्या वाट्याला एसटी आली. पण घरात बोटीचा विषय निघाला की पाठोपाठ 'रामदास' निघायचीच. १७ जुलै १९४७, रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यामुळे बोट या शब्दात आपल्याकडे थाट कमी आणि काळजी जास्त. मी सांगणार आहे ती बोट मात्र थाटाची होती. आणि ती बुडाली नाही. ती नुसती उभी राहिली.

तिचं नाव 'एस. एस. युनायटेड स्टेट्स'. फिलाडेल्फियात डेलावेअर नदीच्या काठी एक आयकियाचं दुकान आहे. भारतातून नव्याने गेलेला प्रत्येक जण पहिल्या महिन्यात तिथे जातो, कारण गादी आणि टेबल दोन्ही एकदम मिळतं. आम्हीही गेलो. दुकानाच्या उपाहारगृहात काचेशी बसलं की समोर रस्ता, रस्त्यापलीकडे धक्का, आणि धक्क्याला लागलेली ही बोट. इतकी लांब की एका नजरेत मावत नाही. दोन प्रचंड धुराडी, मुळात लाल, पांढरी आणि निळी. पण लाल रंग उडून गुलाबी झालेला, आणि सगळ्या अंगावर पापुद्रे सुटलेले. मी आमच्या शेजारणीला विचारलं, ही कुठे जाते? ती म्हणाली, कुठेच नाही, ती इथेच असते. पुढे मला कळलं की ती धक्क्याला आली १९९६ च्या उन्हाळ्यात. म्हणजे आपण मार्कशीट घेऊन या गेटातून बाहेर पडलो त्या सुमारास.

आता बोटीची जन्मकथा, कारण ती इंजिनिअरला आवडेल अशीच आहे. तिचा कर्ता विल्यम फ्रान्सिस गिब्ज, जन्म १८८६, फिलाडेल्फियाचाच. आठ वर्षांचा असताना त्याने गावातल्या गोदीत एक मोठी आगबोट पाण्यात उतरताना पाहिली आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलं नाही. घरच्यांच्या इच्छेखातर पदवी घेतली वकिलीची, जहाजबांधणी स्वतःची स्वतः शिकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेल्या हजारो जहाजांची रेखाटनं त्याच्या कार्यालयातून निघाली. पण त्याला हवी होती ती एकच बोट, जगातली सगळ्यांत वेगवान. ती बांधायला मिळाली तेव्हा तो साठी ओलांडलेला होता.

व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत फेब्रुवारी १९५० मध्ये काम सुरू झालं आणि ३ जुलै १९५२ ला बोट पहिल्या प्रवासाला निघाली. खर्च सुमारे ७ कोटी ८० लाख डॉलर, आणि त्यातले ५ कोटींच्या आसपास सरकारचे. सरकार एवढे पैसे प्रवाशांच्या मौजेसाठी देत नाही. युद्ध झालंच तर थोड्या वेळात हिचं सैन्य वाहणारं जहाज करता यावं, १४-१५ हजार सैनिक एका खेपेला नेता यावेत, ही अट होती. म्हणजे वरून मेजवानीचं जहाज आणि आतून युद्धाचं. हे लक्षात ठेवलं की तिच्या बांधणीतल्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो. लांबी ९९० फूट, टायटॅनिकपेक्षा शंभर फुटांनी जास्त. आपल्या शाळेच्या मैदानात ती तिरकी ठेवली तरी मावली नसती. पण रुंदी मात्र १०१ फूट, कारण पनामा कालव्याचे दरवाजे ११० फुटांचे, आणि युद्धात तिला तिथून जाता आलं पाहिजे.

गिब्जला आगीची विलक्षण धास्ती होती. १९३४ मध्ये 'मॉरो कॅसल' प्रवाशांसकट जळाली होती, १९४२ मध्ये 'नॉर्मंडी' न्यूयॉर्कच्या धक्क्यावरच पेटली आणि आडवी झाली. म्हणून या बोटीत लाकूड नाही. खुर्च्या, पलंग, कपाटं सगळं ॲल्युमिनियमचं, पडदे आणि गाद्या न पेटणाऱ्या कापडाच्या. लाकूड दोनच ठिकाणी, खाटिकखान्यातला मांस तोडायचा ओंडका आणि पियानो. पियानोही ॲल्युमिनियमचा करा म्हणून गिब्ज हटून बसला होता अशी गोष्ट सांगतात. पियानोवाल्यांनी ऐकलं नाही, चटकन न पेटणाऱ्या लाकडाचा करून दिला. डेकच्या वरचा सगळा डोलाराही ॲल्युमिनियमचा, त्यामुळे वजन कमी. वजन कमी आणि यंत्रं जबरदस्त. वाफेच्या टर्बाइन, २ लाख ४० हजार अश्वशक्ती, चार पंखे. त्यातले दोन चार पात्यांचे आणि दोन पाच पात्यांचे. या पंख्यांच्या रचनेचं श्रेय ज्या इंजिनिअरला देतात तिचं नाव ईलेन कॅप्लन. १९५० साली, जहाजांच्या धंद्यात, एक बाई. आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात आम्ही मोजक्या मुली होतो आणि वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहिलं की मागून हसू ऐकू यायचं, म्हणून हे नाव मी कुठेही गेले तरी सांगते. पाण्याखालचा भाग आणि हे पंखे कितीतरी वर्षं लष्करी गुपित होतं.

बोटीचा वेग वाढवणं सोपं नसतं. ढोबळमानाने, वेग दुप्पट हवा तर शक्ती आठपट लागते, आणि तेवढं तेल जळतं. तरीही हिने चाचणीत ३८ नॉटपेक्षा जास्त वेग गाठला, म्हणजे ताशी ७१ किलोमीटर. पहिल्याच प्रवासात तिने अटलांटिक पार केला ३ दिवस, १० तास आणि ४० मिनिटांत. आधीचा विक्रम 'क्वीन मेरी'चा होता, तो दहा तासांनी मोडला. सरासरी ताशी ६६ किलोमीटर, तीसुद्धा रात्रंदिवस. मुंबई-गोवा महामार्गावर आपल्याला अजून ती सरासरी साधलेली नाही. परतीचा विक्रमही तिनेच केला, आणि प्रवासी बोटींमध्ये हे दोन्ही विक्रम आजही तिच्याच नावावर आहेत.

पुढची दहा वर्षं वैभवाची. मेरिलिन मन्रो, साल्व्हादोर दाली, इंग्लंडचं राज्य सोडलेला ड्यूक ऑफ विंडसर आणि त्याची बायको, अशी मंडळी तिच्यातून गेली. रात्रीच्या जेवणाला पोशाख ठरलेले, डेकवर फोटोवाल्यांची गर्दी. लिओनार्दोची मोनालिसा अमेरिकेत प्रदर्शनाला आली ती फ्रान्सच्या 'फ्रान्स' नावाच्याच बोटीतून आणि १९६३ मध्ये परत गेली ती आपल्या या बोटीतून. (आपल्या म्हणाले, बघा. सोळा वर्षं शेजारी राहिलं की होतं असं.) पण मला तिसऱ्या वर्गातल्या माणसांचं जास्त वाटतं. बोट जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनपर्यंत जायची. तिकडच्या छावण्यांतल्या अमेरिकी सैनिकांच्या बायकापोरांनी, युरोप सोडून नव्या देशात निघालेल्या कुटुंबांनी, शिष्यवृत्तीवर चाललेल्या विद्यार्थ्यांनी तिची खालची मजले भरलेली असायची. १९६८ मध्ये ऑक्सफर्डला शिकायला निघालेला एक विद्यार्थी पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, बिल क्लिंटन. सतरा वर्षांत ४०० प्रवास, दहा लाखांवर प्रवासी.

आणि गिब्ज? बोट न्यूयॉर्कला यायची असली की तो स्वतः बंदरावर जाऊन तिला बघायचा. ती समुद्रात असली की रोज फोन करून चौकशी करायचा. तो १९६७ मध्ये गेला. बरं झालं, असं म्हणावंसं वाटतं.

कारण तोवर सगळं उलटलं होतं. २६ ऑक्टोबर १९५८ ला पॅन ॲमचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलं. साडेतीन दिवसांचं काम आठ-नऊ तासांवर आलं. त्याच सुमारास अटलांटिक पार करणाऱ्यांमध्ये विमानाने जाणारे बोटीने जाणाऱ्यांपेक्षा जास्त झाले आणि तो आकडा पुन्हा कधी फिरला नाही. यात बोटीचं काहीच चुकलं नव्हतं, हे मला फार विचित्र वाटतं. ती पहिल्या दिवशी जेवढी वेगवान होती तेवढीच शेवटच्या दिवशी होती. फक्त वेगाची व्याख्या दुसऱ्या कुणीतरी बदलली. मग हिवाळ्यात खोल्या रिकाम्या, खलाशांचे संप, तेलाचा आणि पगाराचा खर्च, सरकारी अनुदानावर ढकलगाडी. नोव्हेंबर १९६९ मध्ये ती नेहमीच्या डागडुजीसाठी न्यूपोर्ट न्यूजला गेली असताना कंपनीने जाहीर केलं, की आता बस. धुराड्यांचं रंगकाम चाललं होतं, ते अर्धवट टाकून माणसं खाली उतरली.

ती सतरा वर्षं चालली, आणि त्यानंतर पंचावन्न वर्षं उभी राहिली. ही दुसरी गोष्ट मी तुम्हाला सांगायला आले आहे.

बोट विकत घेणारे एकामागून एक आले. प्रत्येकाकडे योजना होती. एकाला तिच्यात विकत घेता येतील अशा खोल्यांचं तरंगतं हॉटेल करायचं होतं. पैसे जमेनात म्हणून १९८४ मध्ये आतल्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, ताटं, दिवे, घंटा, भिंतीवरची चित्रं, सगळं. बाराशे वाटांनी गेलं म्हणा. नव्वदीत तिला ओढून तुर्कस्तानला नेलं, तिथून काळ्या समुद्रावरच्या सेवास्तोपोलला, ॲस्बेस्टॉस काढायला. ते काढताना भिंतीही निघाल्या. १९९६ मध्ये ती फिलाडेल्फियाला आली तेव्हा आत काही उरलं नव्हतं. एकावर एक रिकामे लोखंडी मजले. काचेतून मी बघत होते ते एक टरफल होतं, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

२०११ मध्ये भंगारवाल्यांच्या हातून तिला एका संस्थेने सोडवलं. बोटीवर प्रेम करणाऱ्या लोकांनी ती काढलेली, गिब्जची नात सुझन गिब्ज तिच्या अग्रभागी, आणि फिलाडेल्फियातल्या एका दानशूर गृहस्थांनी, जेरी लेनफेस्ट यांनी, ५८ लाख डॉलरचं वचन दिलेलं. माणसं प्रामाणिक होती. चौदा वर्षं त्यांनी दारं ठोठावली. २०१६ मध्ये एका क्रूझ कंपनीने पुन्हा समुद्रात आणण्याचा विचार केला, तपासणी केली, आणि दोन वर्षांत सोडून दिला. मग एका बांधकाम कंपनीने हॉटेल आणि संग्रहालयाचे सुंदर आराखडे काढले. पण कुठलंच शहर कायमचा धक्का द्यायला पुढे येईना. आणि आराखडे निघत होते त्या प्रत्येक दिवशी बोट धक्क्याला उभी होती, म्हणजे भाडं चालू होतं. विमा, पहारा, देखभाल धरून महिन्याला सुमारे ६० हजार डॉलर. २०२१ मध्ये धक्क्याच्या मालकाने रोजचं ८५० डॉलरचं भाडं १७०० केलं. प्रकरण कोर्टात गेलं. जून २०२४ मध्ये न्यायाधीशांनी भाडेवाढ नामंजूर केली, पण तीन महिन्यांत बोट हलवा असंही सांगितलं. जिंकून हरणं म्हणतात ते हेच.

९९० फुटांची बोट तीन महिन्यांत कुठे नेणार? दोनच वाटा होत्या. भंगार, किंवा फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीचा देकार. दहा लाख डॉलरला बोट घ्यायची, साफ करायची, आणि मेक्सिकोच्या आखातात मुद्दाम बुडवायची. म्हणजे माशांना घर होईल आणि पाणबुड्यांना प्रेक्षणीय स्थळ. धुराडी काढून किनाऱ्यावरच्या संग्रहालयात ठेवायची. संस्थेने दुसरी वाट घेतली.

या १९ फेब्रुवारीला ती निघाली. नदीवरच्या पुलांखालून उंच धुराडी जावीत म्हणून ओहोटीची वेळ साधलेली. कडाक्याची थंडी होती, तरी काठावर गर्दी. म्हातारे खलाशी आले होते, लहानपणी तिच्यातून अमेरिकेत आलेल्या बायका आल्या होत्या, आणि माझ्यासारखे, ज्यांनी ती नुसती काचेतून पाहिली. टग बोटींनी तिला ओढलं. स्वतःचं एकही यंत्र चालू नव्हतं, त्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच. अलाबामातल्या मोबील बंदरात ती ३ मार्चला पोचली. बारा दिवस. अटलांटिक ओलांडायला तिला साडेतीन पुरत होते. मग तिथे तिची सफाई सुरू झाली.

तिच्या बहिणींचं काय झालं तेही सांगते. 'क्वीन मेरी' १९६७ पासून कॅलिफोर्नियात लाँग बीचला उभी आहे, पुढे तिचं हॉटेल झालं. लोक जातात, राहतात, आणि दर काही वर्षांनी तिच्या दुरुस्तीच्या खर्चावरून त्या शहरात वाद पेटतो. मोनालिसाला नेणारी 'फ्रान्स' पुढे 'नॉर्वे' झाली, आणि २००६ मध्ये आपल्या गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर येऊन पडली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण, तुम्हाला आठवत असेल. तिचे तुकडे आपल्या माणसांनी आपल्या हातांनी केले. यांतला चांगला शेवट कोणता, यावर आमच्या घरी पुष्कळ भांडण झालं. बोट बुडवायची हे आधी मला सहनच होत नव्हतं. आता मला वाटतं, २०२४ साली तो सगळ्यांत बरा मार्ग होता. १९६९ साली कितीतरी बरे मार्ग होते.

आता आपलं सभागृह.

गेले सहा महिने आपल्या ग्रुपवर त्याचे फोटो फिरतायत. सागवानी तुळया, मंगलोरी कौलं, चिऱ्याच्या भिंती. वर्गणीचं आवाहन मी वाचलं. अंदाजपत्रकही वाचलं, तेवढी सवय कामामुळे लागली आहे. त्यात तुळया आहेत, कौलं आहेत, रंग आहे, नवीन रंगमंच आहे, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे. शाकारणीचा खर्च नाही. वाळवीचं औषध नाही. शिपायाचा पगार नाही, विजेचं बिल नाही. म्हणजे आपण बोट घेतोय आणि धक्क्याचं भाडं लिहिलेलंच नाही.

दुसरा प्रश्न. सोमवारी सकाळी त्या सभागृहात कोण बसणार? वर्ग नव्या इमारतीत भरतात. पट काय आहे ते सरांनी मघाशी सांगितलं, आपल्या वेळच्या निम्माही नाही. मी संयोजकांना लिहून कळवलं आहे की संध्याकाळी गावातल्या मुलांसाठी तिथे वाचनालय आणि कॉम्प्युटर ठेवावेत, आणि मे महिन्यात सभागृह लग्नकार्यांना भाड्याने द्यावं. शाळेच्या सभागृहात लग्नाची पंगत बसलेली काही सरांना रुचणार नाही, कल्पना आहे. पण पंगतीच्या भाड्यातून कौलं परतली जातील. रिकामं ठेवलं तर दोन पावसाळ्यांत तुळया कुजतील, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला आपापल्या गावच्या घरावरून माहीत आहे.

आणि तेही जमणार नसेल, तर ते आपण आताच, शहाणपणाने उतरवावं. भिंत एखाद्या पोरावर कोसळेपर्यंत वाट बघू नये. तुळया चांगल्या आहेत तोवर त्यांची बाकं होतील, वाचनालयाची कपाटं होतील. बाई, तुम्ही त्याच सभागृहात आम्हाला प्रार्थनेला उभं केलंत, आणि हे वाक्य तुम्हाला आवडणार नाही. मलाही आवडलेलं नाही. पण लिलाव झाल्यावर उरलेल्या टरफलासाठी माणसं चौदा वर्षं कशी झिजतात ते मी जवळून पाहिलं आहे.

माझी वर्गणी मी रंगमंचासाठी देणार नाही. पुढची पाच वर्षं शाकारणी आणि वीजबिलाचे पैसे मी आणि आमच्या बाकावरच्या दोघी मिळून भरू, असं ठरवलं आहे. सहावं वर्ष कोण घेणार, सातवं कोण, यासाठी दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. वर्षं लिहून रकाने आखलेत. जेवायला जाण्याआधी बघा, पेन वहीतच आहे.